पट्टा तुटला तर माग थांबतो, हेलिकॉप्टर कोसळते

हेलिकॉप्टर म्हटले की आपल्याकडे मंत्र्यांचा दौरा आठवतो. ऑस्ट्रेलियात ते पशुपालकाचे रोजचे साधन आहे. क्वीन्सलँड आणि नॉर्दर्न टेरिटरीत गुरांची कुरणे इतकी अफाट आहेत की, झाडांच्या शेंड्यांलगत लहान हेलिकॉप्टर फिरवून कळप हाकले जातात.

या कामात ‘रॉबिन्सन आर-२२’ हे यंत्र फार वापरले गेले. अमेरिकेच्या फ्रँक रॉबिन्सन यांच्या या हेलिकॉप्टरला १९७९ साली मान्यता मिळाली. दोन माणसांची जागा, चार सिलिंडरचे इंजिन आणि भरलेले वजन सुमारे ६२० किलो. खर्च कमी, म्हणून मागणी जास्त.

आम्हा कापडवाल्यांना यातली एक गोष्ट ओळखीची वाटेल. इंजिनाची ताकद वरच्या पंख्याकडे जाते ती रबरी व्ही-बेल्टवरून. मोटारीवरून मागाला ताकद मिळते, तसाच हा प्रकार. इंजिन सुरू झाल्यावर एक छोटी विजेची मोटार वरची पुली उचलून पट्टे ताणते. ताण बदलत असताना समोर दिवा लागतो. उडताना तो दिवा काही सेकंदांत विझला नाही किंवा रबर जळाल्याचा वास आला, तर वैमानिकाने उतरण्याची तयारी करायची असते.

मालेगावात किंवा भिवंडीत पट्टा तुटला तर माग थांबतो, पाळी वाया जाते. तेथे पट्टा तुटला तर पंख्याची ताकदच जाते. वैमानिकाने त्याच क्षणी पात्यांचा कोन कमी केला, तर खालून येणाऱ्या हवेवर पाती फिरत राहतात आणि सुखरूप उतरता येते. पण त्यासाठी उंची किंवा वेग हवा. गुरे हाकताना बहुधा दोन्ही नसतात. शिवाय आर-२२ची पाती हलकी असल्याने त्यांचा वेग पाहता पाहता घटतो.

ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा विभागाने २००९ साली या पट्ट्यांची खास चौकशी हाती घेतली. ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त ताकद ओढली की पट्ट्यांचा भरवसा कमी होतो, हे त्यातून पुढे आले. गुरे हाकताना वारंवार थांबणे, गर्रकन वळणे, पुन्हा जोर लावणे चालूच असते. मोह तेथेच होतो.

या यंत्राची संपूर्ण दुरुस्ती २२०० तासांनी किंवा १२ वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा, करावी लागते. म्हणजे सारी भिस्त तासांच्या वहीवर. उडालेला तास वहीत लिहिला नाही, तर कागदावर यंत्र तरुण राहते, पण पात्याच्या मुळाशी धातू थकतच असतो. तो थकवा बाहेरून डोळ्यांना दिसेलच असे नाही.

कारागीर बांधवांनो, ही बाब आपल्या धंद्यापासून दूर नाही. दुरुस्तीची रक्कम हा नफा नव्हे. दर तासाच्या कमाईतून ती आधी बाजूला काढावी, मग उरेल तो नफा. जुने यंत्र विकताना त्याचा वापर खरा सांगावा. माप पुरे द्या, ही कुरआनची ताकीद केवळ गजाला आणि तराजूला नाही; आमच्या समजुतीप्रमाणे ती तासांच्या वहीलाही आहे. वहीतून चोरलेल्या तासाची किंमत अखेर यंत्रावर बसलेला माणूस देतो, आणि तो बहुधा मालक नसतो, पगारी नोकर असतो.