घरबसल्या विद्यापीठ : संधी आणि अडचणी

शिक्षणासाठी गाव सोडावे लागणे ही मराठवाड्याची जुनी व्यथा आहे. ती ओळखून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि नोकरदार व गृहिणींनाही पदवीची वाट खुली झाली. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आले. त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा म्हणजे इंटरनेटवरील सर्वांसाठी खुले असलेले अभ्यासक्रम होत.

या अभ्यासक्रमांत प्राध्यापकांची व्याख्याने चित्रफितीवर पाहावयाची, दर आठवड्याचा स्वाध्याय सोडवावयाचा व शेवटी परीक्षा द्यावयाची असते. वर्गाची मर्यादा नाही. २०११ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका अभ्यासक्रमास जगभरातून सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नावे नोंदविली. पूर्ण मात्र सुमारे २३ हजारांनीच केला. संधी व अडचण, दोन्ही या आकड्यांतच दिसतात.

आपल्या देशात आय.आय.टी. संस्थांनी २००३ साली सुरू झालेल्या ‘एनपीटीईएल’द्वारे व्याख्याने उपलब्ध करून दिली. २०१७ साली केंद्र शासनाचे ‘स्वयम्’ सुरू झाले. येथे शिकणे विनामूल्य आहे. प्रमाणपत्र हवे असेल तर मात्र शुल्क भरून ठरलेल्या केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार, आपल्या महाविद्यालयाची मान्यता असल्यास, एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम्‌वरून करता येतात.

म्हणजे आय.आय.टी.चे प्राध्यापक उमरीच्या विद्यार्थ्याला शिकवू शकतात. पण दार उघडे असणे आणि आत जाता येणे यांत फरक आहे. बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. घरात एकच मोबाईल असेल तर तो वडिलांबरोबर कामावर जातो, आणि मुलीच्या वाट्याला सर्वांत शेवटी येतो. शंका आली तर शेजारी विचारायला कोणी नसते. ज्याच्या घरात आधी कोणी शिकलेले नाही, तोच अशा वेळी अर्ध्यावर सोडतो.

म्हणून काही साध्या गोष्टी कराव्यात. एकट्याने नाव नोंदवू नये. चार-पाच जणांनी मिळून एकच अभ्यासक्रम घ्यावा. आधी चार ते आठ आठवड्यांचा लहान अभ्यासक्रम निवडावा. श्रेयांक मिळणार का, हे प्राचार्यांना प्रथमच विचारावे. परीक्षेचे केंद्र व शुल्क, तसेच शुल्कात सवलत आहे का, हे अर्ज भरतानाच पाहावे. समाजमंदिरात वा वाचनालयात एक संगणक, इंटरनेट आणि संध्याकाळचे दोन तास एवढी सोय झाली, व एखाद्या शिक्षकाने आठवड्यातून एकदा येऊन शंका सोडविल्या, तर अर्ध्यावर सुटणारे पुष्कळ विद्यार्थी शेवटपर्यंत टिकतील.

विद्यापीठ घरापर्यंत आले आहे. त्याला बसायला जागा करून देणे हे आता आपले काम आहे.