प्लास्टरच्या बर्फातली राणी

ऐन उन्हाळ्यात तुम्हांला कुणी केसाळ कातड्याचा जाडजूड कोट घालून दिवसभर उभं केलं तर? आणि वर लोक तिकीट काढून तुम्हांला बघायला आले तर?

असं खरोखर घडत होतं! १९०९ साली अमेरिकेतल्या सिएटल शहरात एक मोठं प्रदर्शन भरलं. अलास्का, युकॉन आणि पॅसिफिक महासागराकाठचे देश यांच्याशी शहराचा व्यापार वाढावा, हा त्याचा हेतू. साडेचार महिन्यांत सुमारे ३७ लाख लोक आले. करमणुकीसाठी 'पे स्ट्रीक' नावाचा खास रस्ता होता. खाणकामगारांच्या भाषेत पे स्ट्रीक म्हणजे जमिनीतला सोनं देणारा पट्टा! तिथं पाळणे होते, खेळ होते आणि चक्क माणसांची 'गावं' होती. एक फिलिपाईन्सच्या डोंगरातल्या इगोरोट लोकांचं, एक 'एस्किमों'चं.

एस्किमोंच्या गावातला बर्फाचा डोंगर होता प्लास्टरचा! तिथं राहत होती सोळा वर्षांची नॅन्सी कोलंबिया. बघणाऱ्यांना वाटावं, ही थेट हिमप्रदेशातून आली. पण नॅन्सी जन्मली होती शिकागो शहरात, तीही एका प्रदर्शनाच्याच जागेत! तिथं १८९३ साली 'कोलंबियन प्रदर्शन' भरायचं होतं. त्यासाठी तिची आई एस्थर हिला इतरांबरोबर आजच्या कॅनडातल्या लॅब्राडोरहून आणलं होतं. म्हणून मुलीचं नाव कोलंबिया. तिथं उकाड्यातही कातड्याचे कपडे घालायची सक्ती झाली. तेव्हा काही कुटुंबं सरळ बाहेर पडली आणि कुंपणाबाहेर त्यांनी स्वतःचा खेळ मांडला. आहे की नाही हिंमत?

सिएटलला नॅन्सी कार्निव्हलची राणी म्हणून निवडली गेली. पुढे १९११ साली तिनं 'द वे ऑफ द एस्किमो' या मूकपटाची कथा लिहिली आणि त्यात नायिकेचं कामही केलं. आजवर लोक जिला नुसतं बघत होते, ती आता स्वतः गोष्ट सांगू लागली!

आमच्या वर्गात एस्किमो म्हटलं की मुलं झटकन इग्लू काढतात. चित्र छान असतं, पण इग्लूच्या आत कोण राहतं, हे फारसं कुणी विचारत नाही. नॅन्सीचे लोक स्वतःला 'इन्युइट' म्हणतात. त्याचा अर्थ माहीत आहे? 'माणसं'!

तेव्हा दोस्तांनो, जत्रेत, सहलीत, रेल्वेच्या डब्यात कुणी निराळ्या वेशातलं दिसलं, तर नुसतं टकामका बघत राहू नका. आधी आपलं नाव सांगा, मग त्यांचं विचारा.