वजन उतरलं, पण शौचाचं काय?

2017 साली चर्नी रोडच्या सैफी हॉस्पिटलात इजिप्तच्या इमान अहमदवर वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली आणि ‘स्लीव्ह’ हा शब्द बातम्यांत आला. यात जठराचा साधारण पाऊण भाग काढतात. मग नंतर बद्धकोष्ठ का होतं?

जेवण चार घासांवर येतं. त्यात पहिला मान प्रोटीनला, म्हणजे भाजी-भाकरीतला चोथा कमी. पाणी एका दमात पिता येत नाही. वर लोह-कॅल्शियमच्या गोळ्या. मल खडा होतो, कुंथल्यावर चीर पडते किंवा मूळव्याध डोकं वर काढते आणि लालभडक रक्त दिसतं.

उपाय साधे: दिवसभर घोटघोट करत दीडेक लिटर पाणी, कोमट पाण्याच्या टबात बसणं. इसबगोल डॉक्टरांना विचारूनच, आणि पुरेशा पाण्यासोबत. नाहीतर उलट अडकतं. गोळ्या मात्र परस्पर बंद करू नका.

लोहाच्या गोळीनं शौच काळसर होतेच. पण डांबरासारखी चिकट, दुर्गंधीयुक्त असेल तर रक्तस्राव वर, जठरात असू शकतो. तसं झालं, चक्कर आली किंवा रक्त थांबेना, तर लाजत बसू नका. लगेच केईएम किंवा जवळचं हॉस्पिटल गाठा. थोडं लाल रक्तही एकदा दाखवाच.