वऱ्हाडी शब्दसंग्रह आणि तुंबणारी नलिका

शेंदूरजनाघाटकडील वऱ्हाडीत ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो. असे हजारो शब्द पायथनमधील आज्ञावलीने पृथक्करण करणाऱ्या दुसऱ्या आज्ञावलीकडे धाडावयाचे झाल्यास मधल्या नलिकेची धारणाशक्ती ध्यानी घ्यावी लागते. लिनक्सवर ती सामान्यतः ६५,५३६ बाइट असते. यूटीएफ-८ संकेतानुसार ‘डोया’ एवढ्यालाच १२ बाइट लागतात. धाडणारी आज्ञावली सर्व शब्द लिहून होईपर्यंत उत्तरे वाचीत नसेल, तर उत्तरांची नलिका भरते, पृथक्करण थांबते, मग पाठवणीची नलिकाही तुंबते आणि दोघी परस्परांची वाट पाहात राहतात. दोषसूचना येत नाही. संशय मात्र बिचाऱ्या बोलीवर! शंभर शब्दांच्या चाचणीत हे दिसतच नाही. ‘कम्युनिकेट’ ही पद्धत लेखन व वाचन दोन्ही सांभाळते आणि लेखन संपताच पाठवणीचे टोक मिटते.