बाक व प्रतिबल-केंद्रीकरण (यंत्ररचना)

'''बाक''' आणि '''प्रतिबल-केंद्रीकरण''' ही यंत्राचे भाग निकामी होण्याची दोन प्रमुख कारणे होत. बलाला छेदाच्या क्षेत्रफळाने भागून मिळणाऱ्या सरासरी प्रतिबलावरून यांपैकी एकाचाही अंदाज येत नाही. त्यासाठी भागाची लांबी, आकार व टोकांचे आधार तपासावे लागतात. सोलापुरात चादरी व टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांच्या भागांवरून दोन्ही संकल्पना समजावून घेता येतात.

== बाक ==
सडपातळ दांड्यावर अक्षाच्या दिशेने दाब वाढवीत नेल्यास तो चिरडण्याआधीच एका बाजूला वाकतो. ज्या भाराला असे घडते त्याला क्रांतिक भार म्हणतात. त्याचे सूत्र लेओनार्ड ऑयलर यांनी १७४४ मध्ये मांडले. हा भार पदार्थाच्या स्थितिस्थापकता गुणांकाच्या सम प्रमाणात आणि लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो.

उदाहरणार्थ, १० मिमी व्यासाचा, ५०० मिमी लांबीचा आणि दोन्ही टोकांना बिजागरीसारखा जोडलेला पोलादी दांडा घेऊ. पोलादाची दाब सोसण्याची मर्यादा २५० मेगापास्कल धरल्यास तो सुमारे १९.६ किलोन्यूटन भार पेलेल असे वाटते. प्रत्यक्षात सुमारे ३.९ किलोन्यूटनलाच त्याला बाक येतो. लांबी दुप्पट केल्यास ही क्षमता एक चतुर्थांश उरते. अधिक बळकट पोलाद वापरूनही फरक पडत नाही, कारण सर्व पोलादांचा स्थितिस्थापकता गुणांक जवळपास सारखाच असतो.

== प्रतिबल-केंद्रीकरण ==
छिद्र, खाच किंवा व्यासातील अचानक बदल अशा ठिकाणी प्रतिबल सरासरीच्या कित्येक पट वाढते. ताणलेल्या रुंद पट्टीतील लहान वर्तुळाकार छिद्राच्या कडेला ते तिप्पट होते, हे किर्श यांनी १८९८ मध्ये दाखविले. खाचेचा कोपरा जितका तीक्ष्ण, तितकी ही वाढ अधिक असते.

== यंत्रमागातील उदाहरण ==
साध्या यंत्रमागात धोट्याच्या प्रत्येक फेकीला क्रँकशाफ्टची एक फेरी होते. शाफ्ट आणि फणीची चौकट यांना जोडणारा दांडा दर फेरीत ओढला व दाबला जातो. दाबाच्या वेळी तो वाकणार नाही, हे पाहावे लागते. शाफ्टमध्ये चावीसाठी पाडलेल्या खाचेच्या कोपऱ्यात प्रतिबल साचते. मिनिटाला १२० फेऱ्या धरल्यास आठ तासांच्या पाळीत ५७,६०० आवर्तने होतात आणि अठरा पाळ्यांत दहा लाखांचा टप्पा ओलांडला जातो. त्यामुळे एकेका फेरीत निरुपद्रवी वाटणारे प्रतिबलही कोपऱ्यात तडा निर्माण करू शकते आणि तो वाढत जाऊन शाफ्ट पूर्वसूचनेविना तुटू शकतो.

== उपाय ==
बाक टाळण्यासाठी दांडा आखूड किंवा जाड करतात, अथवा मध्ये आधार देतात. प्रतिबल-केंद्रीकरण कमी करण्यासाठी कोपरे गोलाकार ठेवतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत करतात.