डिझेल मेकॅनिक की किरकोळ विक्री? प्रवेशापूर्वी प्रमाणपत्राचे मोल समजून घ्या

नवी दिल्ली : दहावी-बारावीनंतर लवकर कमावते होण्याची गरज असलेल्या हजारो कुटुंबांसमोर दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो : कोणता अभ्यासक्रम निवडावा? डिझेल मेकॅनिक आणि किरकोळ विक्री व विपणन हे त्यांतील दोन परिचित पर्याय. दोन्हींच्या शेवटी ‘प्रमाणपत्र’च मिळते, परंतु त्यामागील प्रशिक्षणाचा कालावधी, मान्यता आणि पुढील शिक्षणाची दारे यांत मोठे अंतर आहे.

एका वर्षात इंजिनाची ओळख

डिझेल मेकॅनिक हा औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील (आयटीआय) एक वर्षाचा व्यवसाय असून दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना त्यास प्रवेश मिळतो. 1950 साली सुरू झालेल्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेअंतर्गत तो शिकवला जातो. अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते आणि ते देशभर ग्राह्य धरले जाते.

प्रारंभी सुरक्षितता, हत्यारांचा वापर आणि व्हर्नियर, मायक्रोमीटर यांसारख्या साधनांनी अचूक मोजमाप यांवर भर असतो. त्यानंतर इंजिन उघडणे, व्हॉल्व्ह व पिस्टन रिंगची तपासणी, वंगण व शीतकरण यंत्रणा, इंधन पंप, स्टार्टर, अल्टरनेटर आणि अखेरीस बिघाडाचे निदान असा क्रम असतो.

1 एप्रिल 2020 पासून देशात भारत स्टेज-6 मानके लागू झाल्याने या व्यवसायाचे स्वरूप पालटले. डिझेल मोटारींसाठी नायट्रोजन ऑक्साईडची मर्यादा प्रतिकिलोमीटर 250 मिलिग्रॅमवरून 80 मिलिग्रॅमवर आली, तर इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत 50 वरून 10 भागांवर आणले गेले. धुरातील कण अडवणारे फिल्टर, युरियाच्या द्रावणावर चालणारी शुद्धीकरण यंत्रणा आणि संगणकीय नियंत्रण यांमुळे केवळ कानाने इंजिनाचा आवाज ओळखणारा कारागीर आता अपुरा पडतो. स्कॅनर जोडून दोषसंकेत वाचणे आणि त्यामागचे खरे कारण शोधणे हे आजचे मुख्य कौशल्य ठरले आहे. म्हणूनच संस्थेच्या कार्यशाळेत जुन्या पंपाचीच इंजिने आहेत की संगणक-नियंत्रित ‘कॉमन रेल’ इंजिनेही आहेत, हे प्रवेशापूर्वी प्रत्यक्ष पाहणे हिताचे.

विजेवरील वाहनांमुळे हा व्यवसाय संपेल का, अशी शंका विद्यार्थी विचारतात. प्रवासी मोटारींत डिझेलचा वाटा घटला आहे. तथापि मालमोटारी, ट्रॅक्टर, जनित्रे, बांधकाम यंत्रे आणि कोकणासह सर्व किनारपट्टीवरील मासेमारी नौका अद्याप मोठ्या प्रमाणावर डिझेलवरच चालतात. शिवाय विद्युत वाहन मेकॅनिक हा दोन वर्षांचा स्वतंत्र व्यवसायही आयटीआयमध्ये उपलब्ध झाला आहे.

विक्रीचेही शास्त्र

किरकोळ विक्रीचे प्रशिक्षण अनेक स्तरांवर विखुरलेले आहे. 2012 मध्ये हरियाणातील शाळांत सुरू झालेल्या व्यवसाय शिक्षणाच्या प्रायोगिक उपक्रमात हा विषय होता. काही महिन्यांच्या लघु अभ्यासक्रमांतून ‘विक्री सहायक’ तयार होतात, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2014 च्या योजनेनुसार महाविद्यालयांत तीन वर्षांची व्यवसाय पदवी (बी. व्होक.) घेता येते. तिच्यात एका वर्षानंतर पदविका, दोन वर्षांनंतर प्रगत पदविका आणि तीन वर्षांनंतर पदवी अशी सोय असून, सुमारे 60 टक्के भर कौशल्यांवर असतो.

मालाची मांडणी, साठ्याची नोंद, बिलिंग, वस्तू व सेवा कराचा हिशेब, तक्रार निवारण आणि ग्राहकाची गरज ओळखणे हे विषय यात येतात. अल्प प्रशिक्षणावर दुकानात काम लवकर मिळते. परंतु पर्यवेक्षक वा व्यवस्थापक पदाकडे जाण्यासाठी हिशेब, माहिती विश्लेषण आणि भाषा यांची जोड लागते. लघु अभ्यासक्रम आणि पदवी यांतील खरा फरक येथेच दिसतो.

काम करताना विद्यावेतन

दोन्ही क्षेत्रांत शिकाऊ उमेदवारी हा महत्त्वाचा दुवा आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 व त्याखालील नियमांनुसार 30 वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. 2016 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून केंद्र सरकार विद्यावेतनाचा 25 टक्के भाग, दरमहा कमाल 1,500 रुपयांपर्यंत, उचलते. म्हणजेच संस्थेतील वर्ष संपल्यावर कार्यशाळेत वा दुकानात शिकण्याचा काळ पूर्णतः बिनपगारी राहत नाही.

निवडीपूर्वी काय तपासावे?

अनेकांच्या ध्यानात न येणारा मुद्दा पुढील शिक्षणाचा आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय व्यवसाय पूर्ण करणाऱ्यास तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची संधी असते. डिझेल मेकॅनिक एकाच वर्षाचा असल्याने केवळ त्याच्या आधारे ही वाट गृहीत धरू नये. पदविकेची इच्छा असल्यास मोटार वाहन मेकॅनिकसारख्या दोन वर्षांच्या व्यवसायाचा विचार करता येतो.

खासगी संस्थेच्या बाबतीत संस्थेची मान्यता पुरेशी नसते; निवडलेल्या व्यवसायालाही संलग्नता आहे का, हे पाहावे लागते. प्रमाणपत्र कोण देणार, शिकाऊ उमेदवारी कोठे मिळणार आणि ‘नोकरीची हमी’ लेखी आहे की तोंडी, याची उत्तरे शुल्क भरण्यापूर्वीच घ्यावीत. मान्यता नसलेल्या प्रमाणपत्रावर भरलेले पैसे कदाचित पुन्हा उभे करता येतील. विद्यार्थ्याचे वाया गेलेले वर्ष मात्र परत मिळत नाही.