फवाऱ्याने वाढणाऱ्या मुंग्या

सकाळी चहासाठी साखरेचा डबा उघडला, तर आत पिवळसर ठिपके हलत होते. डबा आट्यांच्या झाकणाचा, झाकण घट्ट लावलेले. तरी जेमतेम दोन मिलिमीटर लांबीच्या त्या मुंग्या आट्यांच्या फटीतून आत उतरल्या होत्या. रांगेचा माग काढला, तर ती ओट्यावरून टाइल्सच्या सांध्यात आणि तिथून स्विचबोर्डाच्या मागे गेलेली. आम्ही बहुतेक घरांत करतात तेच केले, फवारा मारला. पाच मिनिटांत रांग मेली. पंधरा दिवसांनी मात्र न्हाणीघरात, देवघरापाशी आणि कपड्यांच्या कपाटात अशा तीन नव्या रांगा लागल्या. त्या आमच्या फवाऱ्यानेच लागल्या होत्या.

ही फॅरो मुंगी. मोनोमोरियम फॅराओनिस असे तिचे शास्त्रीय नाव. तिची नोंद लिनियसने १७५८ सालीच केली होती. पांढऱ्या कागदावर घेऊन पाहिली, तर अंग पिवळट-तांबूस आणि पोटाचे टोक गडद दिसते. बागेतून वाट चुकून आत आलेला मुंगळा केरसुणीने बाहेर काढला की प्रश्न मिटतो. फॅरो मुंगीचे तसे नाही. ती वाट चुकून आत आलेली नसते, आपल्या भिंतीतच राहते. मातीचा ढीग करत नाही. स्विचबोर्ड, वायरींच्या नळ्या, दाराच्या चौकटीमागची फट, पुठ्ठ्याचे खोके, घडी घातलेले कपडे, कुठलीही उबदार फट तिला पुरते. तिला सुमारे २७ ते ३० अंशांची ऊब आणि थोडा ओलावा हवा. थंड युरोपात त्यासाठी तिला गरम ठेवलेल्या इमारतींचा आसरा घ्यावा लागतो. मुंबई-पुण्याच्या स्वयंपाकघरात ती वर्षभर आरामात असते. माणसाच्या सामानासोबत प्रवास करत ती जवळजवळ साऱ्या जगात पोहोचली आहे.

फवारा उलटतो कसा? पुष्कळ जातींच्या मुंग्यांच्या वारुळात एकच राणी असते. ती मेली की वारूळ संपते. फॅरो मुंगीच्या एका वसाहतीत अनेक राण्या असतात. नव्या राण्यांना मीलनासाठी उडून बाहेरही जावे लागत नाही, ते घरट्यातच होते. वसाहतीला धोका जाणवला की काही राण्या, काही कामकरी मुंग्या आणि त्यांनी उचललेली अंडी-अळ्या असा एक गट फुटून निघतो आणि दुसऱ्या फटीत बिऱ्हाड थाटतो. गटात राणी नसली, तरी कामकरी मुंग्या सोबतच्या अळ्यांतून नव्या राण्या वाढवू शकतात. ओट्यावर दिसणारी रांग हा वसाहतीचा अगदी थोडा भाग. तो मारून राण्यांना धक्का लागत नाही, त्यांना फक्त पळून जायची सूचना मिळते.

साखरेत मुंग्या झाल्या तर एवढे काय, असे वाटू शकेल. पण ही मुंगी मांस, तूप आणि जखमेचा स्राव यांवरही जाते. रुग्णालयांत तिचा उपद्रव जुना आहे. ती रोगजंतू वाहून नेते हे दाखवणारा संशोधक बीटसन यांचा लेख ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९७२ साली आला. घरात तान्हे बाळ किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस असेल, तर या रांगेकडे दुर्लक्ष करू नका.

तिला हरवायचे तर तिची रांग समजून घ्यायला हवी. चालताना ती पोट टेकवत गंधखूण सोडते. ब्रिटनच्या शेफील्ड विद्यापीठातील संशोधकांनी ‘नेचर’मध्ये २००४ साली दाखवले, की फॅरो मुंग्यांच्या वाटांना जिथे फाटे फुटतात, तिथे साधारण ५० ते ६० अंशांचा कोन असतो आणि त्या कोनावरून भरकटलेल्या मुंगीला घर कुठल्या बाजूला ते कळते. पुढच्याच वर्षी तिथल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट मांडली: ज्या फाट्यावर खाणे नाही, त्याच्या तोंडाशी मुंग्या ‘इकडे येऊ नका’ सांगणारा वेगळा गंध सोडतात. दोन मिलिमीटरच्या जिवाची ही रस्तेबांधणी पाहून मी थक्क झालो. ओटा साबणाच्या पाण्याने पुसला, हळदीची रेघ ओढली, कापूर ठेवला, की वाट तेवढ्यापुरती मोडते आणि मुंग्या दुसरी वाट शोधतात. जुन्या घरांत दुधाच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, तो उपाय अजूनही उत्तम. मात्र पाणी दर आठवड्याला बदला. त्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो.

राणी अन्न शोधायला घरट्याबाहेर पडत नाही, तिला भरवले जाते. कामकरी मुंगी द्रव अन्न पोटातल्या साठवणीच्या पिशवीत भरून आणते आणि तोंडाला तोंड लावून इतरांना देते. म्हणून विष सौम्य आणि संथ हवे. आणणारी मुंगी दोन-चार दिवस जगली पाहिजे. एक कप पाणी, चार चहाचे चमचे साखर आणि अर्धा चहाचा चमचा बोरिक पावडर एवढे पुरते. बोरिकचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास राहते. ‘थोडे जास्त घालू’ हा मोह टाळा, जास्त झाले तर मुंग्या वाटेतच मरतात. कापसाचा बोळा भिजवून बाटलीच्या झाकणात ठेवा, रांगेच्या कडेला, मुलांचे हात आणि मांजराचे तोंड पोहोचणार नाही अशा जागी. उरलेल्या बाटलीवर ‘विष’ असे ठळक लिहा. गोडाकडे त्या फिरकल्या नाहीत, तर शेंगदाण्याच्या मऊ वाटणात चिमूटभर बोरिक मिसळून पाहा. त्यांची आवड बदलत राहते.

पहिल्या दिवशी झाकणाभोवती झुंबड उडेल. तिला हात लावू नका. रांग पुसू नका, फवारा मारू नका, विषारी खडूच्या रेघा ओढू नका. आठवडाभरात रांग विरळ होईल, तेव्हा आमिष उचलायची घाई बहुतेक जण करतात. पण अंड्यापासून कामकरी मुंगी तयार व्हायला सुमारे ३८ दिवस लागतात आणि कोशातली मुंगी काहीच खात नाही, म्हणजे विषही तिच्यापर्यंत जात नाही. आमिष दीड महिना ताजे ठेवा. मगच फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवा. आधी बुजवल्या तर मुंग्या शेजारच्या खोलीत निघतील.

आणि शेजारच्या घरातही. वायरींच्या नळ्या आणि पाइपांच्या पोकळ्यांतून एका मजल्यावरची वसाहत दुसऱ्या मजल्यावर जाते. एका घराने आमिष ठेवायचे आणि दुसऱ्याने फवारा मारायचा, तर दोघांचीही मेहनत वाया जाते. म्हणून सोसायटीच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा, एक तारीख ठरवा आणि सगळ्या घरांत एकाच दिवशी आमिष ठेवा.